बेळगावच्या परड्यात सफरचंद: हरिमन ९९, अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डनची रोपं कशी निघाली

"सफरचंद आपल्याकडं लागतंय काय हो?" असं आठवड्यातून एकदा तरी मला कुणीतरी विचारतं. दळपाला गेले की गिरणीत, भिशीला गेले की भिशीत. लागतं. आमच्या परड्यात यंदा जूनमध्ये चार झाडांवर मिळून १५४ फळं निघाली. पण नुसतं "लागतं" म्हणून सोडून दिलं की लोक रोप आणून लावतात, पहिल्याच पावसाळ्यात ते मरतं आणि मग बेळगावच्या हवेला नाव ठेवतात. म्हणून रोपं कुठून आली, काय चुकलं, काय जमलं, कुठलं रोप घ्यावं आणि कुणी घेऊच नये, हे एकदा सविस्तर लिहून काढते.

आमचं गाव वेंगुर्ला रोडवर. भात, रताळी आणि बटाटा ही आमच्याकडची पिकं. माती तांबडी, खाली थोडा मुरूम. घरामागं तीनेक गुंठ्यांचं परडं आहे. त्यात आधीपासून दोन नारळ, एक हापूस, पेरू, शेवगा आणि कढीपत्ता. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासोबत मी तीन वर्षं हिमाचलात कांगडा जिल्ह्यात योल छावणीच्या क्वार्टरमध्ये काढली. सफरचंदाचं माझं वेड तिथलं. तिथं जाण्याआधी मला वाटायचं, हिमाचल म्हणजे जिकडंतिकडं सफरचंद. पण योलला आमच्या आसपास पीच, आलुबुखार, नाशपाती, लिची दिसायची, सफरचंद नाही. शेजारी शिमल्याच्या वरच्या अंगाची एक बाई राहायची. तिच्या माहेरून पेटी आली की आमच्या पोरांना दोन-दोन मिळायची. तिनंच मला पहिल्यांदा सांगितलं की सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात झोपावं लागतं. पुरती झोप झाली नाही तर वसंतात ते धड उठत नाही. पानं येतात अर्धीमुर्धी आणि फूल तर येतच नाही.

पुढं वाचत गेले तेव्हा त्या झोपेचा हिशेब कळला. शून्य ते सात अंशांच्या दरम्यान झाडानं किती तास काढले ते मोजतात. आपण बाजारात घेतो त्या लालभडक डेलिशियस जातीच्या सफरचंदाला असे हजारभर तास लागतात. ही जात हिमाचलात कोटगढला आणली सत्यानंद स्टोक्स या मूळच्या अमेरिकन माणसानं, १९१६ साली, आणि ती तिथंच का रुजली हे त्या थंडीवरून समजतं. आपल्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्री १२ ते १४ अंश असतात. एखाददिवशी १० वर येतं, की आपण स्वेटर काढून शेकोटी पेटवतो. पण झाडाच्या हिशेबात ती थंडी जवळजवळ शून्य तास. म्हणून डेलिशियसचं रोप इथं कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नका. झाड होईल, फळ होणार नाही.

इथं लावायच्या त्या कमी थंडीच्या जाती. बाजारात तीन नावं हमखास मिळतात. अ‍ॅना ही इस्रायलमधली. डॉर्सेट गोल्डन ही बहामा बेटांवर सापडलेली, म्हणजे पार समुद्रकाठची. आणि तिसरी आपल्या देशातली, हरिमन ९९. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९९ मध्ये बियांतून उगवलेल्या एका रोपावरून ही जात वाढवली. यंदा, २०२५ मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले. माझ्या परड्यातल्या झाडाची जात त्यांच्या परड्यातून आलेली, त्यामुळं आपल्याच माणसाचं कौतुक झाल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मला फार नवलाची वाटते. पनियाला सुमारे १८०० फुटांवर आहे आणि आपलं बेळगाव जवळपास अडीच हजार फुटांवर. उंचीनं आपण वरचढ. पण ते गाव उत्तरेला ३१ अंशांच्या जवळपास, आपण १६ च्याही खाली. त्यामुळं तिथं हिवाळ्यात पानं आपोआप गळतात आणि आपल्याकडं गळत नाहीत. रोप विकणारे "उंचीवर आहात ना, मग येईल" असं म्हणतात ते अर्धंच खरं. पानगळीचा हा फरक रोपासोबत आलेल्या एकाही कागदावर नव्हता, आणि सगळं घोडं तिथंच अडतं. त्यावर पुढं येतेच.

रोपं मी तीन ठिकाणांहून घेतली.

पहिली ऑर्डर ऑनलाइन. ३९९ रुपयांत "सफरचंदाचं कलमी रोप, सर्व हवामानासाठी". फोटोत गुडघ्याएवढ्या झाडाला वीस फळं. आलं ते काळ्या पिशवीतलं हिरवंगार रोप. महिन्याभरात त्याला काटे आले, तेव्हा मला शंका आली. पान उलटं करून बघितलं तर पाठ पांढरट, लव असलेली, आणि देठापासून तीन शिरा निघालेल्या. बोर! मोठ्या फळाचं ते अ‍ॅपल बोर असतं ना, तेच सफरचंद म्हणून गळ्यात मारलं होतं. तक्रार केली, तर "मुदत संपली" असं उत्तर आलं. सफरचंदाच्या पानाला मधोमध एकच मुख्य शीर असते, कडा करवतीसारख्या असतात आणि काटे नसतात. पार्सल उघडताना एवढं बघून घ्या आणि त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. मी काढला नाही आणि पैसे गेले.

दुसरी ऑर्डर हिमाचलातल्या एका नर्सरीला, फोनवरून. हरिमन ९९ ची दोन आणि अ‍ॅनाची दोन, एकेक २२० रुपयांना, कुरिअरचे ४५० वेगळे. त्यांनी आधीच बजावलं होतं, "जानेवारीशिवाय पाठवणार नाही, झाड झोपलेलं असताना उपटायचं असतं." जानेवारी २०२१ मध्ये सात दिवसांचा प्रवास करून पार्सल आलं. उघडलं तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा पडला. पान नाही, माती नाही, अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार काटक्या आणि मुळं ओल्या शेवाळात गुंडाळलेली. "आठशेऐंशी रुपयांचं सरपण आणलीस," म्हणाले. पण मला योलची आठवण होती. तिथं सगळी रोपं अशीच विकायची. नखानं साल जराशी खरवडली, आत हिरवी ओली साल दिसली, म्हणजे जिवंत. प्रत्येक रोपाला पट्टी बांधलेली होती, त्यावर जात आणि खालच्या खुंटाचं, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलेलं असतं त्याचं, नाव. हरिमनचा खुंट एमएम १११, अ‍ॅनाचा एमएम १०६. तेव्हा मी खुंटाकडं लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

पॅकिंगला मी पैकीच्या पैकी देते. मुळाचा एक धागा सुकलेला नव्हता, कलमाचा जोड शाबूत होता, आणि चारही रोपं पट्टीवर लिहिलेल्या जातीचीच निघाली. उघड्या मुळांचं हे रोप बघून घाबरू नका. पिशवीतल्या हिरव्या रोपापेक्षा ते लांबचा प्रवास जास्त चांगला सोसतं, फक्त पार्सल ठेवून द्यायचं नाही. आणल्या रात्री बादलीभर पाण्यात मुळं भिजवायची आणि सकाळी लावायची.

तिसरं रोप डॉर्सेट गोल्डन, २०२२ च्या सुरुवातीला बेळगावातल्याच एका नर्सरीतून, पिशवीतलं, ३५० रुपयांना. नर्सरीवाल्या मामांनी सरळ सांगितलं, "वैनी, मी स्वतः लावून बघितलेलं नाही, बेंगळुरूकडून मागवलेला माल आहे." खरं बोललेला विक्रेता मला आवडतो. रोपही खरं निघालं.

आता लावणीबद्दल, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं. नारळाला करतो तसा खोल खड्डा आणि खोल आळं करून मी चारही झाडं लावली. रोपासोबतच्या कागदावर "दोन फूट खड्डा, शेणखत, पाणी" एवढंच होतं. झाडं मार्चमध्ये छान फुटली, जूनपर्यंत कमरेएवढी झाली. मग २०२१ चा जुलै आला. त्या जुलैतली अतिवृष्टी बेळगाव-खानापूर-कोल्हापूरकडच्या कुणालाही सांगायला नको. परड्याच्या उतारावरचं अ‍ॅनाचं झाड आठ दिवस घोटाभर पाण्यात उभं होतं. पाऊस ओसरला तसं पानं जांभळट दिसायला लागली आणि ऑगस्टमध्ये झाड उभ्या उभ्या वाळलं. बुंध्याजवळची साल बोटानं दाबली तर आत मऊ, तपकिरी, कुजका वास. एमएम १०६ हा खुंट बुंधा कुजण्याच्या रोगाला लवकर बळी पडतो, हे मला झाड गेल्यावर कळलं. एमएम १११ काटक आहे, सगळ्या प्रकारच्या जमिनीत तग धरतो. हरिमनची दोन्ही झाडं शेजारीच होती, तीही पाण्यात होती, पण वाचली.

त्या पावसाळ्यानंतर उरलेल्या तिन्ही झाडांभोवतीचं आळं मी मोडून टाकलं आणि बाजूनं चर काढले. डॉर्सेट लावताना तर खड्डा केलाच नाही. उलट दीड फूट उंच, चार फूट रुंद मातीचा ढीग केला. तांबडी माती, मुरूम, शेणखत, वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड, आणि त्याच्या डोक्यावर रोप. कलमाचा जोड मातीच्या चांगला वीतभर वर. आपल्याकडं पाऊस मुबलक आहे, झाडाला पाणी द्यायची चिंता नाही. पाणी काढून द्यायची चिंता करा.

दुसरं वर्ष असंच गेलं. झाडं उंच झाली, पण फूल नाही. डिसेंबर आला, जानेवारी गेला, पानं तशीच, निबर झालेली, कडा करपलेली, पण फांदीला चिकटून. त्या वर्षी मी दमले होते. मग वाचनात आलं की इंडोनेशियात, जावा बेटावर, हिवाळाच नसलेल्या मुलखात लोक वर्षातून दोनदा सफरचंद घेतात. कसं, तर पानं हातानं काढून टाकतात. पान फांदीवर आहे तोवर ते बगलेतल्या डोळ्याला, म्हणजे कोंबाला, फुटू देत नाही. पान गेलं की डोळा जागा होतो. आपल्याला झाडाची झोप घडवता येत नाही, पण त्याला हातानं हिवाळा दाखवता येतो.

डिसेंबर २०२२ मध्ये केलं. नोव्हेंबरच्या शेवटी पाणी तोडलं, आणि दहा-बारा तारखेला कात्री घेऊन बसले. पान ओढून काढायचं नाही. ओढलं की बगलेतला डोळा सालीसकट निघून येतो, हे पहिल्या फांदीवर दोन डोळे घालवून शिकले. पान कात्रीनं कापायचं, देठ ठेवायचा. आठवड्याभरात देठ आपोआप गळून पडतो आणि खाली डोळा सुरक्षित राहतो. एका झाडाला तासभर लागला. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, वय ८६, ओसरीवर बसून बघत होत्या. पहिलं झाड उघडं झालं तेव्हा उठून काठी टेकत आल्या. "अगं, काय झालंय तुला? चांगलं हिरवंगार झाड बोडकं केलीस. पान ओरबाडू नये गं, झाडाला कळतंय." मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या हातातली कात्री घेतली आणि पदरात गुंडाळून आत घेऊन गेल्या. उरलेली तीन झाडं मी दुसऱ्या दिवशी, त्या देवळात गेल्यावर, पूर्ण केली. मनाला लागलं होतं. ज्या बाईनं आयुष्यभर रताळीचा वेलसुद्धा पायाखाली येऊ दिला नाही, तिच्या डोळ्यांसमोर मी हिरवं झाड उघडं केलं होतं.

पानं काढल्यावर उभ्या वाढलेल्या फांद्या सुतळीनं बांधून आडव्या वाकवल्या. आडव्या फांदीवर फळाचे डोळे जास्त धरतात. वाळकं, आडवंतिडवं कापलं. बुंध्याला बोर्डो पेस्ट लावली: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत वेगवेगळं भिजवून मग एकत्र. लोखंडी भांडं वापरू नका. नंतर तीन आठवडे झाडाकडं बघायचं नाही. मग शेणखत आणि भरपूर पाणी.

संक्रांतीला वाण लुटायला बायका आल्या होत्या. त्यांना परडं दाखवायला गेले तर हरिमनच्या फांदीवर डोळे फुगलेले, टोकाला चंदेरी लव. पंधरा दिवसांनी त्यातून पाच-पाच कळ्यांचे झुपके बाहेर आले. कळी मिटलेली असताना गडद गुलाबी, लहान बाळाच्या ओठांसारखी. उमलली की पाकळीच्या आतली बाजू पांढरी आणि पाठीवर तो गुलाबी रंग पुसट राहिलेला. मधलं फूल आधी उमलतं, त्याच्याभोवतीची चार नंतर. वास इतका मंद की नाक अगदी जवळ न्यावं लागतं. आत्यांना हाताला धरून घेऊन गेले. त्यांनी एक फूल बोटानं नुसतं वर उचलून बघितलं आणि मग विचारलं, "कात्री परत देऊ काय?"

तर हा आपल्याकडच्या सफरचंदाचा कणा आहे. पानं काढायची तयारी नसेल तर रोप घेऊ नका.

परागीकरणाबद्दल विक्रेते सांगतात की हरिमन एकटं लावलं तरी चालतं. माझ्याकडं ते एकटं कधी नव्हतंच, त्यामुळं होय-नाही म्हणणार नाही. पण अ‍ॅनाला जोडीदार लागतोच, आणि डॉर्सेट तिच्यासोबतच फुलतं, म्हणून ही दोन्ही जोडीनं घ्या. आमच्याकडं शेवग्यामुळं मधमाश्या भरपूर येतात. तरी पहिल्या वर्षी मी सकाळी दहाच्या सुमारास नातीच्या रंगाच्या ब्रशनं या झाडाचे पराग त्या झाडाला लावले. एका झुपक्यात तीन-चार फळं धरली तर गोटीएवढी असतानाच एक ठेवून बाकीची काढा. जीव तुटतो, पण नाही काढली तर सगळीच लिंबाएवढी राहतात.

पहिल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, ११ फळं मिळाली. २०२४ ला ४७ धरली होती. मे महिन्यात वळीव आला, गारा पडल्या, १९ हाताला लागली. यंदा हरिमनची ५८ आणि ३९, अ‍ॅनाची ३६, डॉर्सेटची २१. सगळी मिळून सोळा किलोच्या जवळपास. बहुतेक फळं ९० ते १२० ग्रॅमची, सगळ्यात मोठं किराणा दुकानाच्या काट्यावर १७० भरलं.

चवीचं सांगते. हरिमन पिवळसर फळावर लाल रेघा, आंबट-गोड, रस भरपूर. पण झाडावर चार दिवस जास्त राहिलं की पिठूळ होतं. अ‍ॅना उभट, दाताखाली कुरकुरीत, मला सगळ्यात आवडलेली. डॉर्सेट पूर्ण पिवळं, सगळ्यात गोड, आणि कापल्यावर वास घरभर. तिन्ही बाजारातल्या काश्मिरी सफरचंदासारखी लाल होत नाहीत. लाल रंग चढायला फळ पिकताना रात्री गार लागतात आणि आपल्याकडं ती मे-जूनच्या उकाड्यात पिकतात. फोटो बघून लाल फळाची आशा धरली असेल तर आत्ताच सोडा. टिकायला फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे, बाहेर आठवडाभर. पहिलं फळ मी देवाला ठेवलं, मग चमच्यानं खरवडून खरवडून आत्यांना भरवलं. त्यांना दात नाहीत. अर्धं फळ संपवून म्हणाल्या, "आंबट हाय, पण आपलं हाय."

राखणीचं काम मोठं आहे. बुलबुल आणि पोपट फळ रंगायला लागलं की येतात, रात्री वटवाघळं. अख्ख्या झाडावर जाळं टाकलं, त्यात एक पोपट अडकला. आमच्या ह्यांनी अर्धा तास बसून त्याचे पाय सोडवले. तेव्हापासून जाळं बंद. आता लिंबाएवढं झालं की प्रत्येक फळाला पातळ कापडी पिशवी बांधतो. १५४ पिशव्या बांधायला दोन दिवस गेले, पण फळमाशीही त्यानंच आटोक्यात आली. खोडकिड्यासाठी बुंध्याजवळ भुसा पडलेला दिसतो का हे महिन्यातून दोनदा बघायचं, भोक दिसलं तर तार घालून अळी काढायची. पावसाळ्यात पानांवर डाग पडतात, त्याला एक टक्का बोर्डो मिश्रण पुरतं.

आता कुणी घ्यावं. बेळगाव शहर, हिंडलगा, येळ्ळूर, वेंगुर्ला रोड, नंदगडपर्यंतचा भाग, जिथं माती निचऱ्याची आहे, तिथं खुशाल लावा. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, पाऊस इतका की उंचवटा करूनही मला भरवसा वाटत नाही. चिकोडी-रायबाग-अथणीकडच्या काळ्या जमिनीत पाणी साठून राहतं. माझ्या जावेच्या माहेरी चिकोडीकडं तीन झाडं लावली होती, तिन्ही दुसऱ्या पावसाळ्यात गेली. पण ऊन हे कारण नव्हे. बागलकोट जिल्ह्यातल्या कुळलीचे श्रीशैल तेली यांनी आपल्यापेक्षा कितीतरी तापलेल्या मुलखात सफरचंदाची बाग उभी केली, पंतप्रधानांनी एप्रिल २०२५ च्या 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव घेतलं. झाड उन्हाला सोसतं, साचलेल्या पाण्याला नाही.

आणि विकण्यासाठी म्हणून दोन-चार झाडं लावू नका. वर्षाला सोळा किलो फळामागं माझे किती दिवस गेले ते वर लिहिलंच आहे. घरासाठी, नातवंडांसाठी, औषध न मारलेलं फळ खाण्यासाठी लावा.

थंडीच्या बाकीच्या फळांबद्दलही लोक विचारतात. पीच मी एक लावलं होतं, पंजाबात चालतं ते शान-ए-पंजाब. फुललं सुंदर, पण पावसाळ्यात खोडातून डिंक गळायला लागला, तिसऱ्या वर्षी काढून टाकलं. स्ट्रॉबेरी कुंडीत झकास येते, ऑक्टोबरमध्ये महाबळेश्वरकडची विंटर डॉनची रोपं आणून लावा, जानेवारीत खा. चेरी, अक्रोड, जर्दाळू यांची रोपं हल्ली ऑनलाइन दिसतात. आपल्याकडं त्यांच्यावर एक रुपयाही घालवू नका.

हिमाचलच्या नर्सरीत मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच नोंदवावी लागते, डिसेंबर उजाडला की हरिमन संपलेलं असतं. नोंदवताना खुंट विचारा आणि एमएम १११ वरचंच मागा. यंदा आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एकच पार्सल मागवायचं ठरवलंय, म्हणजे कुरिअरचा खर्च वाटला जाईल. पैसे माझ्याकडं जमा करायचेत. मी सगळ्यांना सांगितलंय, आधी परड्यात मातीचा ढीग करा, मला बोलावून दाखवा, मग पैसे द्या. दोघींचे ढीग झालेत. तिसरीच्या दारात काल संध्याकाळी ट्रॅक्टरभर तांबडी माती येऊन पडली.